पोरांचे पाय, चाकाच्या तारा आणि घरी बनवलेली इलेक्ट्रिक गाडी

मागच्या जुलैमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले होते. संध्याकाळी दवाखान्यात तापाच्या रुग्णांची गर्दी होती. तेवढ्यात एक गृहस्थ पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रांग मोडतच आत आले. मुलाचा उजवा पाय आईच्या ओढणीत गुंडाळलेला, ओढणीवर हळदीचा पिवळा डाग.

"सायेब, पोट्ट्याचा पाय चाकात गेला जी. दिसाले तर लहानच लागलं, पण लय रडून रायला. दोन टाके मारून द्या."

ओढणी सोडली. टाचेच्या मागे, जिथे पोटरीची जाड शीर हाडाला मिळते तिथे, रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. रक्त फारसे नव्हते. पण भोवतालची कातडी निळसर पडली होती आणि बोटाने दाबली तरी तिचा रंग बदलत नव्हता. मी टाके मारले नाहीत. जखम धुतली, ओली पट्टी ठेवली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि चिठ्ठी लिहून त्याच रात्री मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जायला सांगितले. गृहस्थ नाराज झाले. एवढ्याशा जखमेसाठी डॉक्टर मोठ्या दवाखान्यात पाठवतात म्हणजे यांना काही येत नाही, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. चौथ्या दिवशी टाचेची कातडी काळी पडली. ती काढून मांडीची कातडी लावावी लागली. मुलगा दिवाळीपर्यंत शाळेत गेला नाही.

वाचकहो, ही दुखापत आम्हा डॉक्टरांना नवी नाही. सायकलच्या कॅरिअरवर किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाची टाच फिरत्या चाकात जाते. एका बाजूने तार दाबते आणि दुसऱ्या बाजूला सायकलचा चिमटा असतो. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी टाच त्यात सापडते. टाचेच्या मागची कातडी पातळ असते, खाली मांस नसते, लगेच शीर आणि हाड. वरून जखम लहान दिसते, पण कातडीला खालून रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या चिरडलेल्या असतात. म्हणून पहिल्या दिवशी जी कातडी धडधाकट वाटते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरते. अशा जखमेला घाईने घट्ट टाके मारले तर नुकसान वाढते. हाड मोडले आहे का हेही एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, कारण मूल पाय टेकवत नाही आणि आपण समजतो की ते घाबरले आहे.

पाय अडकलाच तर ओढून काढू नका. गाडी बंद करा, मुलाला कुणाला तरी धरायला सांगा, चाक हळूच उलटे फिरवा. नाही निघाला तर तारा कापा. तार चार पैशांची असते. बूट सैल करून काढा, जखमेवर नळाचे स्वच्छ पाणी भरपूर सोडा, स्वच्छ फडक्याने झाका. हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट यातले काहीही नको. ते धुऊन काढताना मुलाला दुसऱ्यांदा यातना होतात आणि कातडीचा खरा रंग आम्हाला दिसत नाही. आणि पहिल्या दिवशी दाखवून झाले तरी दोन दिवसांनी पुन्हा दाखवाच.

आता या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. त्याचे वडील लोखंडी गेट-ग्रिल बनवणारे कारागीर, हात चांगला. त्यांनी आपल्या जुन्या सायकलला बाजारातून आणलेली मोटर आणि बॅटरी स्वतःच बसवली होती. मुलाला रोज चार किलोमीटरवरच्या कॉन्व्हेंटमध्ये सोडायचे आणि तिथून कामावर जायचे, तर पेट्रोल परवडत नाही. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण सायकल पायाने चालते तेव्हा मुलाचा पाय अडकला की पायडल जड होते आणि माणूस आपोआप थांबतो. मोटरला जड झालेले कळत नाही. हँडलची मूठ पिळलेली असेतोवर ती चाक ओढतच राहते. शिवाय पायडल मारताना ताशी दहा-बाराचा वेग असतो, तो मोटरने वीस-पंचवीस होतो. चौकट तीच, ब्रेक तेच, कॅरिअर तेच, आणि त्यावर बसलेले मूल तेच. बदलला तो फक्त वेग. सगळा घोटाळा तिथेच आहे.

पंचवीसच्या वेगाने कशावर तरी आदळणे म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवरून जमिनीवर पडण्यासारखे आहे. घराच्या स्लॅबच्या जरा खालून, असे समजा. चाळीसच्या वेगाला हीच उंची सहा मीटरच्या वर जाते. स्लॅबवर पोर उभे राहिले तर आपण ओरडतो. गाडीवर उभे राहिले तर मात्र फोटो काढतो.

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे असे कृपा करून समजू नका. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून आर्वी नाक्यापर्यंत चक्कर मारायचो. गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि तिची हनुवटी हँडलवर आपटली. चार टाके मीच घातले. त्या वेळी मला डॉक्टर होऊन आठ वर्षे झाली होती. आज तिचे लग्न झाले आहे आणि हनुवटीखालचा तो व्रण अजून आहे. सौभाग्यवती तो विषय निघाला की अजूनही माझ्याकडे बघतात.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मोठ्या माणसाचे डोके उंचीच्या साधारण आठव्या भागाइतके असते, नवजात बाळाचे चौथ्या भागाइतके. तीन-चार वर्षांच्या मुलाचेही डोके शरीराच्या मानाने जडच असते आणि मान त्या मानाने कच्ची. म्हणून पडताना मूल डोक्यावर पडते. पुढे उभे असेल तर हँडलचे टोक पोटात घुसते. बाहेरून फक्त गोल लाल वण दिसतो, आत मात्र यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. पोटावर असा वण असेल, आणि काही तासांनी मूल पोट दुखते म्हणाले, उलट्या करू लागले, पांढरेफटक पडले, तर घरी थांबू नका. आणि मूल डुलक्या घेते. शाळा सुटल्यावर दुपारच्या उन्हात गाडीवर बसलेले नर्सरीतले मूल पाच मिनिटांत झोपते आणि त्याची पकड सुटते. "घट्ट धरून बस" हे सांगणे जागे असलेल्या मुलासाठी ठीक आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांचे गुण मी नाकारत नाही. सायलेन्सरने पोटरी भाजलेली मुले मी शेकड्याने पाहिली, ती आता कमी होतील. धूर नाही. पण आवाजही नाही, आणि त्यात धोका आहे. गाडी चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. बाप फाटक लावायला उतरतो, मूल पुढे उभे असते, ते आधारासाठी नेमकी मूठच पकडते, आणि मूठ पिळली जाते. पेट्रोलची गाडी गुरगुरून इशारा तरी देते. म्हणून उतरण्याआधी किल्ली काढून खिशात टाकायची, एका मिनिटासाठी उतरलो तरी.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. चार वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर नेताना चालकाच्या अंगाला जोडलेला सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला डोक्यात नीट बसणारे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. मुलाला सायकलचे हेल्मेटही चालते असे त्यात म्हटले आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट तर मूळ कायद्यातच आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला जाईल असे कवच हवे, हाही नियम जुना आहे. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात ते काढून टाकणारे तरुण मला माहीत आहेत, का तर गाडी "बायकी" दिसते. पुढे त्याच गाडीवर त्यांची पोरे बसतात.

नियम आहेत, पण सकाळी साडेसातला बजाज चौकात उभे राहून पाहा. एका स्कूटरवर बाप, पुढे एक, मध्ये एक, मागे आई. माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, यांना दंड ठोका, सुतासारखे सरळ येतील. मला ते पटत नाही. शाळेची बस गावात येत नाही, ऑटोत दहा-बारा पोरे कोंबलेली, आणि आईबापाला नऊ वाजता कामावर पोहोचायचे. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, चांगले झाले. त्यावर दुचाकीला बंदी आहे, तेही योग्यच. पण आपली पोरे ज्या रस्त्याने शाळेत जातात तिथे त्यांच्यासाठी बाजूला चार फूट पट्टासुद्धा नाही. जुगाड हौसेने होत नाही.

आता त्या कारागिराकडे परत येतो. मुलाची पट्टी सुटल्यावर जानेवारीत ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "सायेब, गाडी बनवली पोट्ट्यांसाठी. तुमी एकदा पाहून घ्या, मंगच चालवतो." मी बाहेर येऊन पाहिले. पुढे दोन चाके, त्यांच्या मध्ये लोखंडी पेटी, पेटीत दोन मुलांसाठी बाक, मागे सायकलचा अर्धा भाग आणि मोटर. भाजीवाल्याचा ठेला आणि सायकल यांचे लग्न लावावे तसे. मुले समोर, बापाच्या नजरेपुढे, जमिनीपासून जेमतेम दीड फूट उंचीवर. माणूस कधी वर्ध्याबाहेर फारसा गेला नसेल, पण डेन्मार्क आणि हॉलंडमध्ये आईबाप मुलांना अगदी अशाच गाड्यांतून नेतात. कोपनहेगनच्या ख्रिश्चनिया वस्तीची तीनचाकी १९८४ पासून प्रसिद्ध आहे. यांनी मोबाईलवर चित्र पाहिले असेल किंवा स्वतःच्या डोक्याने काढले असेल, मी विचारले नाही.

मला ती गाडी आवडली. मग आम्ही दोघे तासभर तिच्या खोड्या काढत बसलो.

पाय आत होते, पेटीला पत्रा होता, चाकाकडची बाजू पूर्ण बंद होती. हा धडा त्यांना शिकवावा लागला नाही. पण पेटीची कड अँगलची होती, धारदार, नेमकी मुलाच्या दाताच्या उंचीवर. तिथे गोल पाइप आणि त्यावर रबर हवे. पट्टा होता, पण कमरेचा एकच, मोटारीतून काढलेला. नुसता कमरेचा पट्टा असला की धक्क्याने मूल त्याखालून सरकते आणि पट्टा पोटात रुततो. दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक पायांमधून, असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा, आणि तो बाकाच्या फळीला ठोकलेला नको, चौकटीला बोल्टने कसलेला हवा. पाठ डोक्याच्या वरपर्यंत हवी. हेल्मेट असले तरी मागून आधार लागतो.

खरी काळजी ब्रेकची होती. धाकटी चौदा किलोची, थोरला अठरा, दोघांची दप्तरे, पेटीचे लोखंड, बॅटरी आणि स्वतः चालक. सायकलचे ब्रेक एका माणसासाठी बनवलेले असतात, आणि इथे तर ब्रेक फक्त मागच्या चाकाला होता, वजन मात्र सगळे पुढे. पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक लावल्याशिवाय मुले बसवायची नाहीत, असे मी निक्षून सांगितले. मग मोटरच्या ब्रेकचा विषय निघाला. या मोटरसंचाबरोबर ब्रेकचे जे दांडे येतात त्यात एक छोटे बटण असते. ब्रेक दाबला की मोटरचा वीजपुरवठा तुटतो. यांनी ते जोडलेच नव्हते. वायर आखूड पडली म्हणाले! ज्या दिवशी पोराचा पाय अडकला त्या दिवशी हेच बटण जोडलेले असते तर ब्रेकला हात लागताच मोटर बंद पडली असती. मी हे बोलून गेलो आणि लगेच वाईट वाटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वायर जोडून दाखवायला आले.

अजून एक. आपल्या हाताच्या वेल्डिंगवर आपला विश्वास असतो, आणि तो असायलाच हवा. पण गेटचे वेल्डिंग एका जागी उभे राहते, गाडीचे रोज खड्ड्यांत हादरते. हॉलंडमधल्या बाब्बू या मोठ्या कंपनीच्या अशाच मुले नेणाऱ्या गाड्यांची चौकट तुटू शकते म्हणून तिथल्या सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्री थांबवायला लावली आणि गाड्या परत मागवायला लावल्या. मग आपण कोण? मी सुचवले की मुलांच्या दीडपट वजनाची वाळूची पोती पेटीत ठेवून महिनाभर तीच गाडी त्याच रस्त्याने कामावर न्यायची, आणि दर रविवारी सांधे घासून तडे पाहायचे. तिसऱ्या रविवारी हँडलच्या खालच्या सांध्याला केसासारखी चीर सापडली. वाळूच्या पोत्याला त्याने काही झाले नाही.

वळणावर तीनचाकी उलटते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. मोटारसायकल वळणावर कलते, ही कलत नाही. बाक खाली घ्यायचा आणि वळताना माणसाच्या चालीने जायचे, याला दुसरा उपाय नाही. पत्र्याची पेटी आपल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर, तव्यासारखी तापते. पांढरा रंग, वर कापडी छप्पर, बाजूने हवा. आणि दुपारी उन्हात उभी असलेली गाडी आधी हाताने चाचपायची, मगच मुलाच्या उघड्या मांड्या टेकवायच्या. बॅटरी रात्रभर घराच्या दारातल्या बोळात चार्जिंगला लावू नका, हेही सांगितले. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

हॉलंडचीच दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. ओस नावाच्या गावात २० सप्टेंबर २०१८ रोजी पाळणाघरातील मुलांना नेणारी इलेक्ट्रिक गाडी रेल्वे फाटकाशी थांबली नाही आणि आगगाडीखाली सापडली. चार मुले गेली. गाडी कंपनीची होती, रस्त्यावर चालवायला मान्यता असलेली. त्यानंतर तिला बंदी झाली, आणि सुधारणा करून, नव्या नियमांखालीच ती पुढे परत आली. तिथे निदान प्रश्न विचारणारी आणि गाडी थांबवणारी यंत्रणा होती.

आपल्याकडे काय आहे? नियम असा : मोटर पाव किलोवॅटच्या आतली, वेग २५ च्या आत, बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोपर्यंत, आणि हे सगळे पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेने पडताळलेले, तर त्या गाडीला मोटार वाहनाचे नियम लागत नाहीत. पेटीची तीनचाकी ६० किलोत बसवणेच कठीण. आणि एका गाडीसाठी वर्ध्याच्या कारागिराने पुण्याच्या संस्थेकडे जायचे? त्यांनी इ-रिक्षाची जबर मोटर टाकायचा विचार केला होता, तो मी मोडून काढला. मग तर ती सरळ मोटार वाहन झाली, नोंदणी नाही, विमा नाही, आणि उद्या रस्त्यावर कुणाला लागले तर घर विकावे लागेल.

माझे म्हणणे असे की ही सोय जिल्ह्यात व्हायला हवी. आरटीओचा एक निरीक्षक, आयटीआयचा एक वेल्डिंग शिक्षक, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक प्राध्यापक, आणि हो, एक डॉक्टर, यांनी महिन्यातून एक दिवस बसावे. मुले नेण्यासाठी बनवलेली गाडी तिथे आणावी, ब्रेक तपासावा, वजन टाकून चालवावी, दुरुस्त्या लिहून द्याव्यात. आज कारागिराला कुणी विचारत नाही, म्हणून तो गुपचूप बनवतो आणि अपघात झाला की दोषी ठरतो. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ ज्या गावात आला, जिथे मगनवाडीत कुमारप्पांनी गावच्या कारागिराच्या अवजारांवर विचार केला, तिथे हे अशक्य का वाटावे? १९२९ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले तेव्हा अटी आधी लिहिल्या होत्या : किंमत दीडशे रुपयांच्या आत, बाईमाणसाला आठ तास फार श्रम न होता चालवता आला पाहिजे, वीस वर्षे टिकला पाहिजे. बक्षीस कुणाला मिळाले नाही. पण आधी चालवणाऱ्याचे शरीर पाहायचे आणि मग यंत्र, ही रीत मला फार डॉक्टरी वाटते. पोरांच्या गाडीच्या अटी अशाच लिहिता येतील.

तोपर्यंत त्या गृहस्थांनी माझे ऐकून मोटरची वायर काढून ठेवली आहे. नुसती पायडलवर चालणारी गाडी मोटार वाहन नाही, त्यामुळे कायद्याची कटकट नाही. पेटी जड आहे, उडाणपुलाच्या चढावर उतरून ढकलावी लागते. परवा सकाळी दवाखान्यासमोर थांबले, घामाघूम. "सायेब, मोटर कधी लावू?" मी म्हटले, कागद होऊ द्या. "कागद कोण करते जी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोरला पेटीत हेल्मेट घालून बसला होता. त्याच्या टाचेवरची लावलेली कातडी बुटाने घासते, म्हणून शाळेने त्याला सँडल घालायची परवानगी दिली आहे. मी पाय पाहिला, जखम कोरडी होती, खोबरेल लावत जा म्हणालो, आणि ते शाळेकडे निघाले.